पंडुमाआधीचा आंबा

कोलूभाऊ, जोहार.

नक्षल्यांचं दलम सोडून आलेली तुझी बहीण बुधरी धानोऱ्यात माझ्याजवळ शिलाई शिकून राह्यली. बंदुकीपायी ती गावचा रिवाज विसरली, तिले घरात घेणार नाई, असं तुझं म्हणणं. तर ऐक. काल मी पाडाचा आंबा तिच्यापुढं ठेवला. तिनं ताट सरकवलं.

"बाई, पंडुमाचा सण झाला काय? देवाले दिल्याबिगर नवा आंबा कसा खाऊ?"

"जंगलात खात नव्हती?"

"खाल्ला ना. तिथं कमांडरचं चाले. आता माह्यं चालते."

मी ताट उचललं. अशी खणखणीत पोर!

इथवर तिले वाचून दाखवलं, तर म्हणते, "राहू द्या बाई. माही वकिली कायले? पंडुमाले मीच जाईन, भावाच्या दारात उभी राहीन."

म्हणून हे डाकेत टाकत नाई. पण भाऊ, दार उघडं ठेवजो.

तुझ्या बहिणीचं कौतुक पोटात न मावणारी,
कमळाबाई