शेवळं, काकडं आणि मानाचे नारळ

तीर्थरूप साडूभाऊ गोमाभाऊ यांस सापगावहून शेखरचा सुजून बऱ्या झालेल्या घशाने नमस्कार.

तुमची तब्येत विचारत नाही. शहापूरपासून मुरबाडपर्यंत सध्या तिचंच कौतुक चालू आहे. अडुसष्टाव्या वर्षी मांडवात उभं राहून, कागदाशिवाय, त्रेचाळीस घरांची नावं घेऊन त्यांचे मानाचे नारळ क्रमाने पुकारायचे (आणि तीही माझ्या गावची घरं!) म्हणजे गंमत नाही. वीस वर्षं ते काम माझं होतं. गेल्या चैत्रात एका लग्नात मी नवरीच्या मामालाच विसरलो, मामा न जेवता उठला, आणि आमच्या थोरल्या भावाने जाहीर केलं, "पूजाच्या लग्नातले नारळ गोमाभाऊ पुकारतील." माझ्या सख्ख्या पुतणीच्या! हातापाया पडून मी एक शेवटची संधी मिळवली.

तुमची मेव्हणी, म्हणजे आमची ही, म्हणाली, "दाजी जन्मभर टाकळा, करटुली, जांभळं खातात. तुमी फरसाण खाता. मग डोक्यात फरसाणच असनार ना!" मोबाइलवरही तेच: हिरव्या पाल्यातली, जांभळ्या फळांतली द्रव्यं मेंदूला जपतात. डॉक्टर म्हणाले, पण ते वर्षानुवर्षं खायला हवं. माझ्याकडे आठ दिवस होते. सकाळी जांभळं, दुपारी शेवग्याचा पाला, संध्याकाळी अक्रोड (दिसतो मेंदूसारखा, पण सुरकुत्या माझ्यापेक्षा जास्त). लग्नाच्या सकाळी म्हटलं, आता शेवळांची रानभाजीच हवी. शहापूरच्या बाजारात भाजीवाल्या ठमीने जुडीबरोबर शेवळांची खाज मारणारी आंबट काकडं पुढे केली. "ही घे रं दादा, नायतर घसा धरंल." मी मनात त्रेचाळीस घरं घोकत होतो. हो हो म्हणालो, आणि काकडं तिच्या टोपलीतच विसरून आलो. घरची मंडळी मांडवात; भाजी मीच केली, आणि मेंदूच्या आशेने तीन वाट्या खाल्ली.

गोमाभाऊ, खरं सांगतो, मांडवात उभा राहिलो आणि त्रेचाळीसही घरं डोळ्यांसमोर ओळीने उभी राहिली. मामासकट! पण घशातून आवाज आला तो गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा. मग तुम्ही उठलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि खणखणीत पुकारलंत. घशाची खाज दोन दिवसांत गेली. खांद्याची अजून आहे.

लहानांना आशीर्वाद, थोरांना (म्हणजे पुन्हा तुम्हालाच) नमस्कार.

तुमचा धाकटा साडू,
शेखर

ता. क. : आमचा गडी बुधू याच्याबरोबर शेवळांच्या दोन जुड्या पाठवतो आहे. काकडं घातलेली नाहीत. तुमच्यासारख्या डोक्याला ती कशाला लागतात?

आणखी ता. क. : तुमच्या मेव्हणीने पिशवी उघडून पाहिली आणि काकडं घातली. मला शेवळं करताना कोणी पाहिलं नव्हतं. असो. आता खरं ते लिहितो. मार्गशीर्षात आमच्या ओमकारचं लग्न आहे. मुलाच्या लग्नात नारळ बापाने पुकारावेत, एवढीच इच्छा आहे. तुम्ही माझ्या मागे बसा. अडलो तर हळूच नाव सांगा. पण उठू नका. आणि खांद्यावर हात तर मुळीच ठेवू नका.