बिनपाण्याचं घर

आई, घर उभं राहिलं. पाण्याचा एक थेंब न वापरता उभं राहिलं. हे आधी तुलाच सांगायचं होतं, कारण असं होणारच नाही हे सगळ्यांत ठासून तूच म्हणाली होतीस.

रेल्वेचं क्वार्टर सोडून आपण रायपुरात स्वतःचं घर बांधत होतो, तेव्हाची तू मला दिसतेस. ऑफिसातून यायचीस ती पदर खोचूनच, चहासुद्धा न घेता शेजारच्या बोअरिंगवरून बादल्या आणायला लागायचीस. भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी, स्लॅबवर मातीचे बांध घालून साचवलेलं पाणी, कॉलमला गुंडाळलेली ओली पोती. मिस्त्री वैतागून म्हणतो, "दीदी, घर बना रहे हैं कि तालाब?" तू त्याच्याकडे बघतही नाहीस. मला म्हणतेस, "थांबली काहून व? टाक पाणी. सिमेंट पाणी पिऊनच पक्कं होते." गृहप्रवेशाची वंदना झाली त्या दिवशीही तू पाहुण्यांना सोडून भिंतीवर हात फिरवत होतीस.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले आणि एके दिवशी तुला सांगितलं, की चंद्रावर घर कसं बांधायचं या कामात मी शिरले आहे. तू तांदूळ निवडत होतीस. "तिथं पाणी हाय का?" तू विचारलंस. मी म्हटलं, कुठे कुठे खड्ड्यांत बर्फ आहे म्हणतात, पण तो प्यायला लागेल, भिंतीवर कोण ओतणार? "मंग पागलपणा काहून करून राहिली? पाण्याबिगर घर होत नाही, मले नको शिकवू." विषय संपला. त्याच वर्षी तू गेलीस, आणि माझं उत्तर तसंच राहिलं. फार राग आला होता मला तुझा. तू गेल्यावरही तो गेला नाही. इतकी वर्षं काम त्या रागावरच ओढलं म्हण.

आता ऐक. तिथे वीट वाहून न्यायची सोय नाही, म्हणून तिथल्याच मातीची करायची. आम्ही काळ्या दगडाचा चुरा करून तशी माती बनवली. काचेच्या भुग्यासारखी आहे ती, यंत्रांत घुसते, कातडी सोलते. पंडरीच्या कापडबाजारातून थान आणून सगळ्यांना झगे शिवले, तरी दातांखाली कचकच यायचीच. ही माती साच्यात दाबून वितळायच्या बेताला येईपर्यंत भट्टीत भाजायची. इथलं छत खाली यायला बघतं, तिथे बाहेर हवाच नाही, म्हणून घर आतल्या हवेनं फुगून बाहेर फुटायला बघतं; त्यासाठी आतून हवा धरणारं अस्तर लावायचं आणि वरून माणूसभर उंचीचा मातीचा थर द्यायचा. त्या थरानं ऊनही अडतं आणि आकाशातून येणारे खडेही.

दिल्लीहून समिती येणार होती. आमच्या विटांचं कमानीचं छत त्यांच्यासमोर टिकलं तर काम पुढे, नाही तर प्रकल्प बंद आणि माझ्या हाताखाली काम करणारी पोरं घरी. अशात चांगल्या विटांची पहिली खेप भट्टीतून निघाली. मी आनंदात अंगणात गेले, नळाचा पाइप उचलला आणि गरम विटांवर सोडला. का सोडला? ताजं बांधकाम दिसलं की हात जातोच, तूच लावलेली सवय. तड तड करत सगळ्या विटा गेल्या. एक पोट्टा हळूच म्हणाला, "मैडम, चांद पर पाइप कौन पकड़ेगा?" मी डोक्याला हात लावून खालीच बसले, मग हसू आवरेना. त्याच संध्याकाळी भट्टी पुन्हा पेटवली, आणि पाइप मी स्वतः कुलपात ठेवला.

समिती आली तेव्हा मे महिन्याचं ऊन होतं. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं, म्हणजे त्या थराच्या जागी छतावर मातीची थोडी पोती रचली तरी नियमात बसलं असतं. मी इथल्या पूर्ण वजनाची सगळी चढवायला लावली. समितीतले एक जण म्हणाले, "रिस्क क्यों ले रही हैं?" मी म्हटलं, इथे सहापट सोसलं तर तिथे निवांत झोप लागेल. छताखालचा आधार, सेंट्रिंग, काढलं. थोडी धूळ पडली, बाकी काही नाही. आपल्याकडे सेंट्रिंग निघाल्यावर घरची बाई आधी खाली जाते, तशी कोणाला न विचारता मी आत गेले, हात वर करून छताला टेकवला आणि मोठ्यानं म्हणाले, "बघ." पोरांना वाटलं त्यांना म्हणाले. समितीनं तिथेच सांगितलं, काम चालू ठेवा. मी ब्राह्मणपाऱ्यातल्या हलवायाकडून जिलेबी मागवली आणि सगळ्यांच्या आधी मीच खाल्ली. तू हरलीस, आई, आणि मला इतका आनंद झालाय की तो लपवायचा कसा ते कळत नाही.

हवा कोंडून धरणारं दार अजून जमलेलं नाही. जमेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, माझ्याकडेच राहणार, म्हणून एवढंही लिहिते. परवा दुपारी स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं, तेव्हा अंतराळात जाणाऱ्यांची निवड कशी करतात ते मी शोधून वाचलं. वयाच्या अटीत मी बसत नाही, आणि माझे गुडघे तर कुठल्याच अटीत बसत नाहीत. तरी सगळं वाचलं, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट.