अळंबीची पिल्लं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? माझी सर्दी सोडली तर इकडे सगळं ठीक. नोकरीचं सोमवारी कळेल.

झालं असं, की आमच्या संग्रहालयात कपाट एकच रिकामं उरलं होतं. म्हणून साहेबांनी पेंढा भरलेला कोल्हा आणि मेणाची जंगली अळंबी शेजारीशेजारी ठेवायला लावली, वर पाटी ‘साम्य आणि फरक’. (साम्य काय, तर दोघं तांबूस, दोघांचा वावर झाडाखाली, आणि मुद्दाम शोधायला गेलं की दोघंही सापडत नाहीत. दोन दिवस डोकं खाजवलं, यापुढे गाडी सरकली नाही.) आता माहितीची कार्डं कपाटाच्या मागच्या फटीतून सरकवायची असतात. मागून डावं ते पुढून उजवं, हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे. पण त्या दुपारी खिडकीतून असं काही मऊ ऊन येत होतं, की माझी तंद्री लागली आणि कार्डांची अदलाबदल झाली.

त्यामुळे तीन आठवडे कोल्ह्याखाली लिहिलेलं आहे : पावसानंतर अचानक उगवण, मुक्काम कुजक्या खोडावर, नीट ओळख पटल्याशिवाय खाऊ नये. आणि अळंबीखाली : स्वभाव लाजाळू, पावलांची चाहूल लागताच पसार, पिल्लांना तोंडात धरून जागा बदलण्याची सवय. तक्रार एकाचीही नाही. उलट लोक तिथे थबकतात. आमचा पहारेकरी (याच्या बुटांनी जिना हादरतो) त्या कपाटापुढून चवड्यांवर जातो. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, तिची पिल्लं लहान असतील. मग मीही बराच वेळ त्या मेणाकडे बघत उभा राहिलो. ओल्या पानांखाली काहीतरी हळूच हलल्यासारखं वाटलं. आत्या, फार दिवसांनी मला बरं वाटलं गं.

सोमवारी साहेब तपासणीला येणार आहेत. मागच्या वर्षी मी फुलपाखरं उलटी टाचली, तेव्हाच शेवटची समज मिळाली होती. या वेळी सरळ घरी बसवतील.

तुझा वेंधळा भाचा

ता. क. साहेब शाळेत तुझ्या वर्गात होते. तुझं नाव निघालं की अजून कोटाचं वरचं बटण लावतात. कार्डं आहेत तशीच राहू द्या, एवढ्या दोन ओळी त्यांना लिही. पण नजरचूक झाली असं मात्र लिहू नकोस.

आणखी एक. चूक मी परवाच दुरुस्त केली होती. पहारेकऱ्याने नवं कार्ड दोनदा वाचलं आणि बूट आपटत निघून गेला. मग मी कार्डं पुन्हा उलटी सरकवली.