लुगड्याचा काठ

मरोळ, अंधेरी
१९५४

इनास बाळा,

संत डॉन बॉस्कोच्या आईची गोष्ट तू लिहून पाठवलीस. लेक पादरी झाला, तशी ती घरदार सोडून त्याने सांभाळलेल्या अनाथ पोरांचं करायला गेली. लग्नाचा पोशाख कापून तिने चर्चच्या वेदीसाठी कापड शिवलं. तेव्हापासून मला मेलीला झोप नाही.

येत्या रविवारी तूही संसार सोडायचं व्रत घेणार. म्हणून तुझ्या बायकोसाठी जपलेलं माझं लग्नाचं लाल लुगडं आज पेटीतून काढलं, कात्री लावली. काठाशी येऊन हात थांबला रे. त्या माउलीचा थांबला नसेल का?

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू परत आलास, तर मला आनंदच होईल. त्याचीच भीती वाटते.

तुझी आई