कंगव्याची परीक्षा

४ मार्च

ती. बाबांस,
भिंगरीचे शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण तुम्हाला काय लिहावं तेच सुचत नव्हतं. मी निघताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आईला तेवढं सांगितलंत, की मेलो तरी त्या कारखान्याच्या फाटकात पाय ठेवणार नाही. शिंगाचे कंगवे करणाऱ्याची मुलगी प्लॅस्टिकचे कंगवे तपासायला गेली, हे तुमच्या मनाला लागलंय. मला कळतं. तरी लिहिते.

माझी प्रयोगशाळा म्हणजे एक लांब टेबल, दोन तराजू आणि एक गळका नळ. आजवर प्लॅस्टिकचे दाणे परदेशातून बोटीने यायचे. बोट लांबली की यंत्रं गप्प. गेल्या महिन्यापासून आपल्याच देशात तयार झालेले दाणे पोत्यांतून येऊ लागले. पहिलं पोतं उघडलं तेव्हा साहेबांनी मूठभर दाणे घेऊन उगाचच वास घेऊन पाहिला. आम्ही सगळे हसलो. हे दाणे वितळवून साच्यात दाबतात आणि थंड झाले की एका वेळी आठ कंगवे बाहेर पडतात. मी त्यांचं वजन करते, वाकवून बघते, गरम पाण्यात बुडवते. पहिली खेप माझ्याच सहीने पास झाली.

साहेबांनी एक गंमत सांगितली. प्लॅस्टिक म्हणजे हातात हात घालून लांबलचक रांगेत उभे राहिलेले बारीक कण. त्याला पॉलिमर म्हणतात. आणि शिंग हेही पॉलिमरच.

सोबत एक कंगवा पाठवते. तुमच्या डोक्यावर त्याला काही काम नाही, तेव्हा आईला द्यावा. राग असला तरी लोभ आटू देऊ नये.

तुमची,
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आई खुशीत आहे. माझ्या टकलाची आठवण ठेवलीस, आभारी आहे.

तुझ्या साहेबांना सांग, शिंग तापवून, दाबून, थंड करून कंगवे करायला लागून मला एकतीस वर्षं झाली. म्हणजे मी त्यांच्याच धंद्यात त्यांच्या आधीपासून आहे, फक्त मला कोणी कळवलं नव्हतं.

कंगवा देखणा आहे. आईने केसांतून फिरवला आणि छान आहे म्हणाली. पण तिच्या छानवर मी जात नाही. लेकीने पाठवलं म्हटल्यावर तिला फावडंही चालेल. मानेवर पाहिलं तर तीन लाल ओरखडे. एकेका दात्याला चार-चार कोपरे आहेत. तू वजन केलंस, वाकवलास, पाण्यात बुडवलास. केसांतून फिरवून पाहिलास का?

एवढंच विचारायचं होतं.

बाबा

२४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नव्हता फिरवला. तुमचं पत्र वाचून माझी कानशिलं तापली. सात वर्षांची होते तेव्हापासून रोज संध्याकाळी तुमच्या स्टुलासमोर बसायचे आणि प्रत्येक नवा कंगवा आधी माझ्या केसांतून जायचा. सारखी वळवळायचे म्हणून तर भिंगरी नाव पडलं. आणि तीच मी रोज तुमच्या शिंगाच्या कंगव्याने केस विंचरून कामावर येते, नि इथले कंगवे तसेच पास करते! स्वतःची लाज वाटली.

साहेबांकडे जाऊन म्हटलं, माझी सही रद्द करा. ते म्हणाले, तपासणीच्या यादीत केस कुठे आहेत? मग पॅकिंगच्या बायकांसमोर साहेबांच्याच हातात कंगवा दिला. त्यांचे केस दाट, कुरळे. तिसऱ्या फटक्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मुकाट्याने यंत्र बंद करायला लावलं. नऊ हजार कंगवे भरडून पुन्हा वितळवायला गेले. शिंगाचं असं करता येत नाही, एवढं मात्र कबूल करा.

पुढची खेपही बिघडली तर तपासनीस बदलीन, असं त्यांनी बजावलंय. नवा साचा कापायला साचेवाल्याला एक अस्सल नमुना हवा आहे. तुमचं फाटकाबद्दलचं बोलणं मी विसरलेले नाही, म्हणून या असं म्हणत नाही. पण तुमच्या हातचा एक कंगवा पाठवाल का?

तुमची,
भिंगरी

१९ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नमुना एप्रिलमध्येच पोचला होता. चिठ्ठी शोधायला मी पार्सलचा कागदसुद्धा उलटून पाहिला, नव्हती. साचेवाल्याने कंगवा भिंगाखाली धरला आणि विचारलं, हा माणूस हात कसा फिरवायचा ते शिकवायला येईल का? मी विषय बदलला.

आता साचा तयार आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यातून पहिला कंगवा निघेल. साहेबांनी यादीत शेवटी एक ओळ वाढवली आहे: केसांतून फिरवून पाहणे. सही मला करायची आहे आणि मला माझाच भरवसा वाटत नाही.

आईने लिहिलंय, दुकानदाराने शिंगाचे कंगवे घेणं बंद केलं. वाचून रडू आलं. हे माझ्यामुळे झालं असं वाटत असेल तर तसं सरळ लिहा, बाबा. पण गप्प राहू नका.

भिंगरी

२७ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्यामुळे काही झालेलं नाही. प्लॅस्टिक यायचंच होतं. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याला चार कोपरे दाखवूनही दिसले नसते.

राग धंद्याचा नव्हता. तू गेल्यावर संध्याकाळी नवा कंगवा हातात घेऊन बसायचो आणि स्टुलासमोर कोणी नसायचं. ते बोलता येईना, म्हणून फाटकावर राग काढला. फाटकाने माझं काय बिघडवलं होतं?

सोमवारी सकाळच्या गाडीने येतो. कानस आणि घासायचं चामडं बरोबर आणतोय. साचेवाल्याला सांग, शिकवीन, पण मध्ये मध्ये बोललेलं मला चालत नाही. आई तुझ्यासाठी काय काय बांधून देते आहे, ते सगळं मलाच उचलायचं आहे.

रविवारी केस धुऊन ठेव. वेणी घालू नकोस. आणि निदान या वेळी तरी वळवळू नकोस.

तुझा,
बाबा