उबेची भिंत

९ नोव्हेंबर

आलो एकदाचे. अर्धे खोके अजून दोऱ्यांनी बांधलेलेच आहेत आणि त्यातल्याच एकावर पाय टाकून मी हे लिहिते आहे. नवऱ्याने सगळं सामान एकट्याने वर चढवलं. मला फक्त उशी उचलू दिली, तीही कुरकुरत. सहावा महिना लागला म्हणून मी काय काचेची झाले का, असं विचारलं, तर म्हणाला, काचेची बरी, काच एवढं बोलत नाही.

प्रसूतिगृह आमच्या गॅलरीतून दिसतं. दुमजली, फिकट पिवळं, मागे कपडे वाळत घालायचं अंगण. उद्यापासून मी तिथली रक्त तपासणारी. बाळ झालं की नाळेतलं रक्त घेऊन त्याचा गट ठरवायचा, आयांचं हिमोग्लोबिन आणि साखर बघायची. काम हातातलं आहे. पण मी कामासाठी आले, असं निदान इथे तरी लिहिणार नाही. या दवाखान्यात कित्येक वर्षांत एकही अधू मूल जन्मलेलं नाही. एकही नाही. म्हणून आले.

माझा दादा शाळेत असतानाच चाकाच्या खुर्चीत बसला आणि मिसरूड फुटायच्या सुमारास गेला. स्नायूंचं दुखणं. आईकडून येतं, मुलग्यांना धरतं. ते माझ्यात असेल तर होणाऱ्या मुलग्याला लागायची शक्यता निम्मी. आहे की नाही, हे मी तपासलेलं नाही. दिवसभर लोकांची रक्तं तपासणारी बाई स्वतःच्या तपासणीला घाबरते, यावर नवरा कधी विनोद करत नाही. तेवढं त्याला कळतं.

१४ नोव्हेंबर

माणसं चांगली आहेत. मुख्य परिचारिकेला सगळे थोरल्या बाई म्हणतात, डॉक्टरसुद्धा. मोठा आवाज नाही, घाई नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे सुजलेले पाय पाहिले आणि जेवणानंतर तासभर सक्तीची विश्रांती लावून दिली. आधीच्या नोकरीत पाणी प्यायला उठलं तरी कुणीतरी घड्याळ बघायचं.

विश्रांतीची इथे एक रीतच आहे. तळमजल्यावर लांबट खोली आहे, जमिनीवर गाद्या. गावातली प्रत्येक गरोदर बाई सहाव्या महिन्यापासून दुपारी तिथे येते, ओळीत बसते आणि मागच्या भिंतीला पाठ टेकते. भिंत छान उबदार असते. पलीकडे बॉयलर असावा, कारण संथ धडधड पाठीला लागते. पाच मिनिटांत माझी कंबर अशी मोकळी झाली की डोळ्यांत पाणी आलं. किती थकले आहे, ते टेकल्यावर कळलं.

माझ्या शेजारी एक शिलाईवाली बसते. दिवस भरत आलेत, पण जिभेला विश्रांती नाही. नुसत्या नजरेने माप घेते. मला म्हणाली की महिन्याभरात माझ्या सगळ्या कपड्यांच्या शिवणी उसवाव्या लागतील, आत्ताच देऊन ठेव, नंतर तुला माझ्या दुकानाची पायरी चढवणार नाही.

३० नोव्हेंबर

रक्तगट बघायचं काम सोपं असतं. काचेवर रक्ताचे दोन थेंब, एकात निळ्या बाटलीतलं औषध, दुसऱ्यात पिवळ्या. निळ्यात रक्त दाणेदार झालं तर ए, पिवळ्यात झालं तर बी, दोन्हींत झालं तर एबी. कशातच झालं नाही, दोन्ही थेंब गुळगुळीत राहिले, तर ओ.

मी आल्यापासून जन्मलेली सगळी बाळं ओ आहेत.

आमच्या धंद्यात आधी बाटलीवर संशय घ्यायचा, मग स्वतःच्या हातावर, माणसावर सगळ्यात शेवटी. औषध उतरलं असणार. नव्या बाटल्या मागवल्या. तोवरचे निकाल दिले तसेच गेले. खरं तर थांबवायला हवे होते. पण दुपारची ती खोली झाल्यावर मागचं सगळं निस्तरत बसायचं त्राण राहत नाही.

११ डिसेंबर

नव्या बाटल्या आल्या. आधी माझंच बोट टोचलं. मी बी. पिवळ्यात लगेच दाणे धरले, अगदी पुस्तकातल्यासारखे. बाटल्या ठीक, हातही ठीक.

शिलाईवालीला काल मुलगी झाली. ती एबी, तिचा नवरा एबी, दोघांची कार्डं माझ्यासमोर होती. बाळ ओ. अशा जोडप्याला ओ गटाचं मूल होत नाही. आई एक अक्षर देते, बाप एक देतो, ओ यायला जागाच नाही. लाखात एखादा अपवाद असतो म्हणा. इथे अपवादांनी ट्रे भरला आहे.

थोरल्या बाईंना दाखवलं. त्यांनी काच उजेडात धरली, खाली ठेवली. म्हणाल्या, "रक्ताचं काय घेऊन बसलात? पोर धडधाकट आहे ना? इथून कुणी रडत घरी गेलेलं नाही." मग त्यांनी मला खोलीत पाठवलं. उशीर झाला होता म्हणे.

२७ डिसेंबर

नवजात बाळं सगळी सारखीच दिसतात, असं मीच इतकी वर्षं लोकांना सांगत आले. पण कानाची पाळी सारखी नसते. डाव्या भुवईतली बारीक खाच सारखी नसते. आज मी पाळण्यांच्या ओळीतून चालत गेले आणि परत आले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच पाळी, तीच खाच, एकच बाळ.

त्यांच्या हातात नावाची पट्टी बांधत नाहीत. जे रडेल त्याला जवळची बाई पाजते. आल्या आल्या मला ही पद्धत किती मायेची वाटली होती. आयांना झोप मिळते, असं मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही होतं.

रात्री त्याला सगळं सांगितलं. तो वीजकाम करतो, त्यामुळे त्याला आधी भिंतीत रस. म्हणाला, बघून येतो.

८ जानेवारी

तो बघून आला. भिंतीपलीकडे बॉयलर नाही. पाइप नाही, तार नाही. कपडे वाळत घालायचं अंगण आहे, आणि त्या बाजूने भिंत गार आहे. त्याने कान लावला, काहीच ऐकू आलं नाही. त्याने ते हसत सांगितलं, पण जेवला नाही.

आज शिलाईवाली तपासणीला आली होती. ती आत आली तेव्हा मी दुसऱ्याच बाईचं कार्ड काढलं. मग ती म्हणाली, अगं मीच. चेहरा बाळंतपणात बदलतो, सुजतो, उतरतो. पण भुवईत खाच पडत नाही. तिचा गट पुन्हा पाहिला. दोन्ही थेंब गुळगुळीत. एबी असलेली बाई ओ झाली.

सहज म्हणून विचारलं, माझे कपडे कधी उसवून देतेस? तिने माझ्याकडे बघितलं आणि गोड हसली. शिवणकाम तिला कधी जमलंच नाही, असं म्हणाली.

ती गेल्यावर मी तिच्या कार्डावरचं नाव पुन्हा वाचलं.

१० जानेवारी

आई बाळाला देते, हे शाळेत शिकवतात. बाळही आईला देतं, हे कुणी सांगत नाही. त्याच्या पेशी नाळेतून तिच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं राहतात. त्यात वाईट काही नाही, सगळ्याच आयांचं असं होतं. पण थोड्याशा. चिमूटभर.

भिंत पोटातल्या बाळाला बदलते आणि बाळ आईला. माझी समजूत ही अशी झाली आहे. चुकीची असेल तर फार बरं होईल.

खोलीत जाणं बंद केलं. थोरल्या बाई रागावल्या नाहीत. याल, म्हणाल्या.

२० जानेवारी

कंबर मोडल्यासारखी दुखते. बसवत नाही, निजवत नाही. त्याहून वाईट म्हणजे बाळ हलत नाही. ठोके आहेत, डॉक्टरांनी ऐकवले, पण हलत नाही. काल खोलीच्या दारावरून गेले तर आतून अशी लाथ बसली की मी चौकट धरली. पुढे गेले, पुन्हा शांत.

बोट टोचलं. पिवळ्या थेंबात निम्मं रक्त दाणे धरतं, निम्मं गुळगुळीत राहतं.

नवरा म्हणतो, निघू. आज, आत्ता, सामान राहू दे. बरोबरच आहे त्याचं. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मला दादाचे हात आठवले. शेवटी शेवटी त्याला नाकावरची माशी हाकलता येत नव्हती, आणि तो त्यावरही चेष्टा करायचा. मी दहा वर्षांची होते. माशा मी हाकलायचे.

आम्ही निघालो तर हे मूल माझं असेल. माझ्या रक्ताचं, त्यात जे असेल त्याच्यासकट.

२४ जानेवारी

आज भिंतीला पाठ टेकली. मीच गेले, कुणी ओढून नेलं नाही.

दादाचं दुखणं जाणार असेल तर माझा गट जाऊ दे. भुवईत खाच पडली तर पडू दे. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने बांधायला घेतलेली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला की पोर कुणासारखंही दिसलं तरी तो वाढवेल, फक्त घरी आलेली बाई तीच असावी. मी वचन दिलं. किती सहज दिलं.

बाळ दुपारभर खेळत होतं.

६ फेब्रुवारी

गाढ झोप लागते. कंबर दुखत नाही. बोट टोचत नाही आता. कळून काय करायचं?

धडधड आता घरीही ऐकू येते. भिंतीतून नाही.

१९ फेब्रुवारी

मागची पानं वाचली. दादाबद्दल मीच लिहिलंय. अक्षर माझं आहे. माशांचंही वाचलं. चेहरा आठवायला बसले आणि पाळण्यातलं बाळ आठवलं – फक्त तेच –

रडू यायला हवं होतं. नुसतीच थकले.

नवरा सकाळी माझ्याकडे बघत होता. काय झालं विचारलं. काही नाही म्हणाला, आणि उठून गेला. मग आरशात बघितलं. डावी भुवई.

३ मार्च

कळा – मधूनमधून –

थोरल्या बाईंचा हात गरम आहे. भिंतीइतका. त्यांच्या भुवईकडे मी आजवर कधी बघितलंच नव्हतं –

मार्च, तारीख विचारायला हवी

मुलगा. धडधाकट. हातपाय झाडतो, मूठ आवळली की सोडत नाही. त्याच्या हातात एवढा जोर आहे याचं मला का एवढं वाटतंय, कळत नाही, पण मी रडले. आनंदानेच. याच्यासाठी मी काहीतरी दिलं होतं –

कुणीतरी रडलं. मी पाजलं. माझाच होता की –

दुपार

भेटायची वेळ. दार उघडलं. एक माणूस आत आला, हातात माझी उशी आहे, घरची. ओळखला मी. तो आहे. खाटांच्या ओळीतून हळूहळू येतोय, प्रत्येकीकडे वाकून बघतोय. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघून हसतो.

माझ्याजवळ थांबला. बघितलं. फार थकलेला दिसतो.

पुढे गेला.

समोरच्या खाटेवर बसला. तिचा हात हातात घेतलाय. उशी तिच्या पाठीमागे लावली. तिला काहीतरी सांगतोय, ती मान हलवते, रडतोय तो, बरं वाटलं त्याला – तिला घेऊन जाईल –

हाक मारायला हवी. आत्ताच. त्याचं नाव –

त्याचं नाव