पट्टी पिवळी झाली की काढ

प्रिय सौरव,

‘सुपरवायझरसाहेब’ लिहिणार होतो, पण पेन तिथंच अडलं, म्हणून जुनंच नाव लिहिलं. फोनवर मुद्दाम लिहिलं नाही. फोनवर तू दोन निळ्या रेघा दाखवून मोकळा होतोस. कागद घरी येतो. तुझी आई, आपल्या शोभाताई, तो टीव्हीजवळ ठेवतील आणि तू जेवायला बसलास की तो समोर दिसत राहील. तुला एवढंच जाणून घ्यायचं आहे, की ठेकेदाराचा माणूस ओमप्रकाश शनिवारी माझ्या खोलीवर आला तेव्हा मी त्याला काय सांगितलं. खांदा तुझ्या गोदामात गेला असं सांगितलं, की तुला हवं होतं तसं, जुनं दुखणं म्हणून. ते शेवटी लिहितो. घाई असेल तर सरळ शेवटच्या पानावर जा, तुला कोण अडवणार.

अक्षर उजव्या हाताचं आहे, मोडलेला हात डावा. तिसरीत पार्वतीबाई डाव्या हातावर छडी मारायच्या, म्हणून लिहिण्यापुरतं उजव्यानं शिकलो, बाकी सगळं डाव्यानंच चालू राहिलं. जेवणं, फेकणं, ओझं उचलणं. तेव्हा बाईंना काय शिव्या घातल्या असतील. आज त्यांच्यामुळं पत्र तरी लिहून राहिलोय. नागपूरजवळच्या वाडीतल्या याच खोलीत बसलोय, पत्रा तापलाय, शेजारच्यांचा कुलर नुसताच फिरतो, पाणी भरायला कोणी नाही. ओल्या वाळ्याचा वास येत नाही तोवर उन्हाळा अर्धाच वाटतो मला. जाऊ दे, भरकटलो.

आपण बेसबॉलमध्ये आवडीनं गेलो नव्हतो, हे कोणाला सांगितलं तर हसतात. क्रिकेटच्या निवडीला दीडशे पोरं यायची, आणि बेसबॉल खेळणाऱ्या शाळा जिल्ह्यात मोजून चार. मधुकरराव सरांचा हिशोब सोपा होता. दोन सामने जिंकले की विभाग, अजून दोन जिंकले की राज्य, आणि राज्य खेळलं की दहावीला वाढीव गुण. मला गुणांचं काय करायचं होतं, पुढं बारावीत कॉलेजच सोडलं. पण फेकायला मजा यायची. मी पिचर, तू कॅचर, समोर उकिडवा बसलेला. तुझ्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसला की ‘फट्ट’ असा आवाज यायचा, आणि मी थकलो की तोच आवाज बोदा व्हायचा. मला कळायच्या आधी तुला कळायचं.

अमरावतीचा सामना आठव. सकाळचा एक सामना मी एकट्यानं टाकला होता, दुपारी सरांनी परत मलाच उभं केलं. चौथ्या डावात तू उठून चालत आलास, माझ्या हातातला चेंडू काढून घेतलास आणि सरांना म्हणालास, “सर, याचा हात गेला. हा आता नाही टाकत.” सरांनी तुला भर उन्हात मैदानाला चकरा मारायला लावल्या. सामना हरलो. राज्य गेलं, त्यासोबत तुझे वाढीव गुणही गेले, आणि तुला ते लागत होते. येताना गाडीत पोरं तुझ्याशी बोलली नाहीत. तू माझ्या बाजूला बसून माझा खांदा दाबून पाहत होतास. दुखत नव्हता. नंतरही कधी दुखला नाही. घरी गेल्यावर शोभाताई तेल चोळायच्या ते तुझ्या गुडघ्यांना, माझ्या खांद्याला त्यांचं तेल कधी लागलंच नाही. ही गोष्ट माझ्याशिवाय जगात दोनच माणसांना पक्की माहीत आहे, तुला आणि त्यांना.

मग मी भटकतच राहिलो. बुटीबोरीच्या सूतगिरणीत होतो तेव्हा भुवयांवर कापूस बसायचा. तसाच तुमच्या सक्करदऱ्याच्या घरी आलो तर शोभाताई म्हणाल्या, पोरगा म्हातारा होऊन आला. कोंढाळीच्या ढाब्यावर होतो, बर्डीला फोनची कव्हरं विकली. कुठंच टिकलो नाही. टिकला तो एक मोबाईलमधला खेळ. बेसबॉलचा संघ चालवायचा, बॅट-चेंडू काही नाही, नुसतं कोणाला उभं करायचं आणि कोणाला बसवायचं. एकच खातं, आपण दोघं मालक, पाळीपाळीनं सामने बघायचे. नाव मी टाकलं, ‘सक्करदरा इलेव्हन’. तू डोक्याला हात लावलास, अबे, बेसबॉलमध्ये नऊ असतात. क्रिकेटची सवय, काय करू. नाव बदलता येत नव्हतं, त्यामुळं आपल्या संघात कायम दोन माणसं कमी आहेत असं वाटायचं.

स्वतःचा खेळाडू बनवता येतो म्हटल्यावर तू माझ्या नावाचा पिचर बनवलास. दुर्गेश, डावखुरा. मला नीट न येणारी मिशीसुद्धा दिलीस त्याला. आणि काय जपायचास. पिचरच्या नावापुढं दमाची पट्टी असते, हिरवी, मग पिवळी, मग लाल. प्रत्येक चेंडूला ती घटते आणि चार दिवस बसवल्याशिवाय भरत नाही. लाल असताना खेळवत राहिलं तर नावापुढं प्लास्टरचं चिन्ह येतं. बाकीचे मालक जिंकायच्या नादात पिचर पिळून काढायचे, हंगाम संपता संपता त्यांच्याकडं नुसती प्लास्टरं उरायची. तुझा नियम एकच होता, पट्टी पिवळी झाली की काढ. मी एकदा ढाब्याच्या गडबडीत विसरलो, तर तू मला आठ दिवस शिव्या दिल्यास. “अबे, तो माणूस आहे, बैल नाही,” असं तू म्हणाला होतास, एका चित्राबद्दल. मला तेव्हा बरं वाटलं होतं. चित्रावर नाव माझं होतं ना.

म्हणून मार्चमध्ये तुझा फोन आला, कुलरचा सीझन आहे, गोदामात ये, माझ्याच हाताखाली राहशील, तेव्हा मी एका दिवसात आलो. कधी कोणाचा फोन आल्यावर मी इतक्या लवकर गेलो नव्हतो. पहिले काही दिवस चांगले गेले. मग लग्नसराई लागली, दोन हमाल गावाला गेले ते गेलेच, आणि त्यांच्या जागी तू माणसं मागवलीच नाहीस. दोन माणसं कमी असून माल वेळेवर निघतो, हे वरच्यांना दाखवायचं होतं तुला. सकाळची पाळी दोनला संपली की मी दुसऱ्या पाळीलाही थांबायचो, रजिस्टरवर नाव न चढवता. तू सांगायचास, आजच्या दिवस. मी पण थांबायचो, कोणी जबरदस्ती केली नाही, तेही लिहून ठेवतो. तुझ्यावर भरोसा होता. वाटायचं, याला कळेल. याला आवाजावरून कळतं.

त्या दुपारी अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागली होती. मोठे कुलर, एकेक खोका कमरेइतका उंच, तिसऱ्या थरावर चढवायचा म्हणजे हात वर न्यावाच लागतो. माझे खोके भद्द करून पडायला लागले होते. सोबत माल चढवणाऱ्या नागसेननं मला दोनदा विचारलं, त्याला तो आवाज ऐकू आला. तू बाजूलाच होतास. मी तुझ्याकडं आलो आणि म्हटलं, “सौरव, हात वर नाही जाऊन राहिला गा.” तू खुर्चीत होतास, फोन हातात. वर पाहिलं नाहीस. हसून म्हणालास, “तुले बसवलं मी आत्ताच. पट्टी पिवळी झाली होती तुही.” आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवून दाखवलीस. मिशीवाला दुर्गेश बाकावर जाऊन बसला होता, त्याच्या नावाखाली लिहून आलं होतं, विश्रांती, चार दिवस. मला खरंच हसू आलं. मग तू म्हणालास, “हा एवढा ट्रक खेच, उद्या पाहू.”

ट्रकच्या फाळक्यावर उभा होतो. खोका वर गेला, हात गेला नाही. आतून दोरी तुटावी तसा आवाज झाला, आणि तो आवाज बोदा नव्हता, चांगला ‘फट्ट’ होता. तेव्हा तू वर पाहिलंस. नागसेनसोबत मला ऑटोत बसवून दिलंस, आणि ट्रक भरून झाल्यावरच घरी गेलास. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर हात पूर्ण वर जाईल, नाही केलं तर खांद्याच्या वर जाणार नाही. कामावर लागलं असं ठरलं तर ऑपरेशन ठेकेदारानं करायचं. पण मग चौकशी होणार, रजिस्टरवर न चढवलेल्या दुसऱ्या पाळ्या निघणार, आणि तुझी खुर्ची जाणार. म्हणून तू ओमप्रकाशला आधीच सांगून ठेवलंस, पोरगा शाळेत बेसबॉल खेळायचा, खांदा तेव्हाचाच गेलेला आहे. डोकं चांगलं चालवलंस. सगळ्या जगातून नेमकं तेच उचललंस.

तरी वाटत होतं, तू येशील. अमरावतीसारखा चालत येशील. आल्या शोभाताई. सक्करदऱ्यावरून एवढ्या उन्हात बस बदलून, डबा घेऊन, वांग्याची भाजी आणि जाड पोळ्या. मला एका हातानं तोडता येत नाही म्हणून पोळीचे तुकडे करून दिले. मी जेवून झाल्यावर म्हणाल्या, “बाबू, जुनंच दुखणं होतं म्हणून सांगजो. त्याची नोकरी गेली तं मी कोणाकडे पाहू?” बोलताना त्यांनी माझ्या खांद्याकडं एकदाही पाहिलं नाही. तू त्यांना पाठवलंस, की त्या आपणहून आल्या, हे मी विचारलं नाही. डबा त्यांनी इथंच धुतला.

तर ऐक, शेवटचं पान आलं. शनिवारी ओमप्रकाश आला, आणि मी सांगितलं, खांदा शाळेत बेसबॉल खेळताना गेला. तो म्हणाला, मग इतकी वर्षं ओझं कसं उचललंस? मी म्हटलं, सवय. त्यानं सही घेतली आणि गेला. तुझी खुर्ची राहिली. हे मी तुझ्यासाठी नाही केलं, त्या डब्यासाठी केलं. उद्या देवराव ड्रायव्हरसोबत रायपूरला निघतोय. त्याला गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून बडबडणारं कोणी पाहिजे, आणि त्या कामाला हात लागत नाही. नागसेन हे पत्र घरी आणून देईल. पण जायच्या आधी एक राहिलं. खांदा मोडल्यापासून कालपर्यंत तुझा मला एकच निरोप आला होता, आठवतो? “रविवारची फायनल तू बघ, मी ड्यूटीवर आहे. दुर्गेशले पाचव्या डावापर्यंतच ठेव, पट्टी पिवळी झाली की काढ.” मी दुर्गेशला उभं केलं. पाचव्या डावात पट्टी पिवळी झाली, मी फोन मांडीवर ठेवून बसून राहिलो. सातव्यात लाल झाली. समोरचा कोरियाचा मालक विचारत होता, तुझा फोन अडकला का? नवव्या डावात शेवटचा गडी बाद झाला आणि दुर्गेशच्या नावापुढं प्लास्टर उमटलं. खाली ओळ आली, खांदा, पुन्हा खेळू शकणार नाही. सामना आपण जिंकलो. ट्रकही त्या दिवशी भरून निघालाच होता. काल संध्याकाळी तू कपाचं चित्र पाठवलंस, खाली लिहिलंस, मानलं बे तुले. म्हणजे खेळाडूंची यादी तू उघडलीच नाहीस. ती उघड, एवढ्यासाठी हे पत्र. ओमप्रकाशला तू जे सांगितलंस ते आता खोटं राहिलं नाही. दुर्गेशचा खांदा बेसबॉलमध्येच गेला.

तुझाच पिचर होतो,
दुर्गेश